येतो म्हणावं

आमच्या घरात 'जातो' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, असा बाबांचा दंडक होता. शेतावर निघालेल्या माणसाने 'येतो' म्हणायचं. बाजाराला निघालेल्यानेही 'येतो'च म्हणायचं. एखादा पाहुणा चुकून 'जातो आता' म्हणाला, तर बाबा त्याला परत बसवून घ्यायचे, पाणी पाजायचे आणि 'येतो' म्हणवून घेऊनच सोडायचे. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटायची नाही, वाढायची. मला या सगळ्याचा राग यायचा. एकदा गोठ्यात वासरू दगावलं, तेव्हा मी विचारलं, "बाबा, हे पण वाढलं का?" त्यावर पाठीत असा धपाटा बसला की पुन्हा म्हणून विचारलं नाही.

बाबा पोथी वाचण्यापुरते शिकलेले होते. मलाही अक्षरं त्यांनीच शिकवली, खाचराच्या बांधावर काठीने रेघा ओढून. तोंडातून निघालेला शब्द आपलं काम करूनच परत येतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते खूळ वाटायचं. मग एका शब्दाने माझं लग्न मोडत आणलं, आणि तोही शब्द बोलणारीच्या मनात काहीच वाईट नसताना.

आमची वाडी शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडे. घरात बाबा, आई, मी आणि काका. काकाची बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती, त्याने पुन्हा घर मांडलं नाही. मला भाऊ नाही, बहीण नाही. बाबांच्या मागे घराचा कर्ता काका होणार, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. आणि काकाच्या मनात माझ्यासाठी एक स्थळ होतं, हेही ठाऊक होतं. वाशिंदकडचा एक बिजवर. विटांच्या भट्ट्या, पदरात तीन लेकरं, त्यातली थोरली माझ्या बरोबरीला आलेली. "खाऊनपिऊन सुखी राहील पोर," असं काका म्हणायचा. त्यात त्याची काही लबाडी नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटायची. लबाड माणसाशी भांडता येतं.

बाबांनी ते स्थळ परतवलं होतं. मग पौषात ते म्हसा गावच्या जत्रेला बैल बघायला गेले आणि जावई ठरवून आले. मी बरोबर होते. मुरबाडकडचा, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावचा एक म्हातारा आपला बैल विकायला घेऊन आला होता आणि त्याचा मुलगा कासरा धरून उभा होता. बाबांनी बैलाचं तोंड उघडून दात बघितले. मग त्या मुलाकडे वळून म्हणाले, "आता तू पन दाखव." मुलगा हसला आणि दात आपोआप दिसले. बैलाचा सौदा फिसकटला, पण दोघे म्हातारे घोंगड्यांच्या दुकानांपाशी तंबाखू मळत बसले आणि उठले ते व्याही होऊनच. बाबांनी त्याच दुकानातून एक काळी घोंगडी घेतली. आईला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. पौषात कुणी लग्नाची बोलणी करतं का? बाबा म्हणाले, "देवाच्या दारात कसला आलाय पौष?" पुढे जे काही झालं ते सगळं आईने शेवटपर्यंत त्या पौषाच्या माथी मारलं.

लग्न वैशाखात करायचं ठरलं होतं. त्या घरात बाईमाणूस नव्हतं. सासू कधीच वारलेली, चूल सांभाळणारी नणंद त्याच माघात नांदायला जाणार होती. त्यामुळे त्यांची अट एकच, पावसाच्या आत सून घरात पाहिजे. अट वाजवी होती आणि आम्हाला मान्य होती.

माघात बाबांच्या पायांवर सूज चढली. मग पोटात पाणी झालं. वैदूचा पाला झाला, काढे झाले, नवस झाले. फाल्गुन लागला तेव्हा बाबा खाटेवर टेकून बसायला लागले होते, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. लोक भेटायला येत आणि बाहेर अंगणात जाऊन काकाशी हळू बोलत. काय बोलत ते मला ऐकू यायचं, आणि बाबांनाही यायचं.

आमच्यात कर्ता पुरुष गेला की वर्ष सरेपर्यंत दारात मांडव पडत नाही. म्हणजे बाबा वैशाखाआधी गेले, तर माझं लग्न वर्षभर पुढे जाणार. मुरबाडकर थांबणार नाहीत, त्यांनी का थांबावं? आणि वर्ष सरल्यावर माझं कन्यादान काका करणार, वाशिंदच्या भट्टीवाल्याला. यातून सुटायची एक वाट होती. देवक एकदा बसलं की सुतक लागत नाही. मग घरात कुणी का जाईना, लग्न थांबत नाही. आमचं देवक कळंबाचं. कळंबाची डहाळी आणून नवरीच्या आईबापांनी जोडीने तिची पूजा करायची, एवढंच. तेवढं होईपर्यंत बाबा राहिले की झालं.

'राहिले की झालं' हे शब्द मी त्या दिवसांत इतक्या तोंडून ऐकले की मला सगळ्यांचा वीट आला. माझ्या बापाचा श्वास लोक मुहूर्ताच्या मापाने मोजत होते. आणि मीही मोजत होते. खाटेजवळून जाताना माझी नजर आधी घोंगडीकडे जायची, ती वरखाली होते आहे का बघायला, आणि मग बाबांच्या चेहऱ्याकडे. स्वतःची किळस यायची. पण नजर ऐकायची नाही.

भटजींनी होळीच्या आधीचा एक मुहूर्त काढून दिला. चैत्रात आमच्याकडे लग्नं होत नाहीत आणि वैशाख कुणी पाहिलाय, असं तेच म्हणाले, बाबांच्या समोर. मुरबाडकरांना निरोप गेला. लग्न नवऱ्याच्या दारात लावायची चाल होतीच, तेव्हा मांडव ते घालतील, आम्ही देवक घरी बसवून मुलगी घेऊन यायचं, असं ठरलं.

आणि मग जी धावपळ सुरू झाली ती सांगून कळायची नाही. लग्न पाहावं करून म्हणतात, पण ते सवडीने करणाऱ्यांसाठी. तिकडे विलायतेत लढाई चालू होती आणि इकडे रॉकेल आणि कापड दुकानांतून गायब झालं होतं. नवरीचं पिवळं लुगडं मिळेना. शेवटी आईने स्वतःचं एक जुनं पांढुरकं लुगडं हळदीच्या पाण्यात बुडवलं. ते कुठे पिवळंधमक झालं आणि कुठे तसंच पांढरट राहिलं. कांडायला वेळ नव्हता म्हणून शेजारची मावशी आमचं भात आपल्या घरी नेऊन कांडायची आणि कांडता कांडता रडायची. ही मावशी कशालाही रडायची. गाय व्याली तरी रडायची. मनाने सोनं, पण तिच्या डोळ्यांना खळ नव्हता. काका कपाळाला आठ्या घालून गाडीचं जू दुरुस्त करत बसला होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

देवक बसायचा दिवस दारात आला आणि सकाळी बाबांचा श्वास असा कोंडला की ओठ काळे पडले. आई किंचाळली नाही, काही नाही. तिने काकाला एवढंच म्हटलं, "गाडी जुप." शहापूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. दोघांनी बाबांना उचलून पेंढ्यावर ठेवलं. आई मला म्हणाली, "तू घरी ऱ्हा. आमी येतो." गाडी निघाली. मी बाबांची आदल्या रात्री घाण झालेली गोधडी घेऊन ओढ्यावर गेले, कारण हाताला काही काम नसतं तर मी वेडी झाले असते. दाराला कडी घातली होती.

नेमका तेव्हा कासार आला. माझ्या हातात हिरवा चुडा भरायला त्याला बोलावला होता. अंगण झाडलेलं नाही, चूल थंड, दाराला कडी, हे त्याने बघितलं. शेजारच्या ओटीवर मावशी रडत बसली होती. त्याने विचारलं, "घरात कोन नाय का?"

मावशी म्हणाली, "गेला रे बाबा. सकालीच गेला. गाडीत घालून नेला. भाऊ नि बायको त्याच्यासंगती गेलीत."

तिच्या शब्दात खोटं काही नव्हतं. बाबा गेले होते, शहापूरला. पण 'येतील' असं म्हणायचं ती विसरली, आणि कासाराने पाठीवरची पेटी खाली ठेवली नाही. मयताच्या दारात बांगड्या कोण उघडणार? तो तसाच वळला आणि मुरबाडच्या वाटेला लागला. पुढचा त्याचा फेरा सिद्धगडाकडचाच होता.

मी ओढ्यावरून आले तेव्हा मावशीने डोळे पुसत सांगितलं, कासार येऊन गेला, चुडा न भरताच गेला. मी म्हटलं, येईल परत. मला त्यात काही खटकलं नाही. माझं सगळं चित्त शहापूरच्या रस्त्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा घरी आले. डॉक्टरांनी पोटात सुई घालून पाणी काढलं होतं, त्यामुळे श्वास मोकळा झाला होता. पण घरी न्या, असं सांगितलं होतं, आणि ते कशासाठी सांगतात हे आईला कळलं होतं. बाबांना खाटेवर टेकवून आम्ही पाणी देतो आहोत, तेवढ्यात अंगणात कुणीतरी हंबरडा फोडला.

"गेला रे माजा सोयरा. गेला रे."

मी दारात आले. मुरबाडकडचा एक उतारवयाचा माणूस, नवऱ्या मुलाचा मामा, पागोटं काखेत मारून, उघड्या डोक्याने अंगणाच्या मधोमध उभा होता आणि रीतीप्रमाणे गळा काढत होता. मला बघून त्याने आणखी एक सूर वर चढवला.

आतून बाबांचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. "कोन गेला रे?"

मामाचा सूर तिथेच तुटला. तो आत आला, बाबांना पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसला. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. कासाराने सांगितलं. तिकडे सगळ्यांनी अंघोळी केल्या. पण मांडव तर घालून झाला होता, आणि घातलेला मांडव लग्नावाचून उतरवणं अपशकुनी. पावसाच्या आत सून पाहिजे, घरात बाई नाही. तेव्हा शेजारच्या गावातली एक मुलगी बघायला व्याही आज सकाळीच गेले होते. जमलं तर मुहूर्त तोच, उद्या संध्याकाळचा.

मी तिथेच उभी होते. लाज सोडून बोलले, "मग तुमी परत जा नि सांगा की बाबा आहेत."

मामाने मान खाली घातली. "सांगीन ना, बाय. पन आयकनार कोन? लोक म्हनतील, मुलीकडल्यांनी मामाला फितवला. मेलेलं झाकून पोर उजवतात, आसं का कदी झालं नाय?"

झालं होतं. आमच्याच पंचक्रोशीत झालं होतं, आणि त्या घराला पुढे कितीतरी वर्षं कुणी मुलगी दिली नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं नाक चांगलं सरळ होतं, तरी हे असं. मला भट्टीचा धूर नाकात आल्यासारखं झालं. काका उठला आणि बाहेर बैलांपाशी जाऊन उभा राहिला.

बाबा म्हणाले, "मला गाडीत घाला."

आई म्हणाली, "अवो, येवढ्या लांब? काळू नदी उतरायची हाय."

"त्यांना मानूस बघायचाय ना? मग मानूस दाखवू. देवक थितंच बसवू." मग काकाला हाक मारून म्हणाले, "जुपतो का, का मी जुपू?"

काका गाडीच्या तयारीला लागला. त्याला ते स्थळ पसंत नव्हतं, मला मुरबाडला द्यायची त्याची इच्छा नव्हती, पण रात्रभर त्याने गाडीत पेंढा नीट दाबून बसवला आणि चाकांना वंगण घातलं, जेणेकरून हिसका बसू नये. मी त्याचं हे पुढे खूप वर्षांनी समजून घेतलं.

पहाटे आम्ही निघालो. गाडीत बाबा, घोंगडी पांघरलेले, त्यांचं डोकं आईच्या मांडीवर. मी पायांशी. मावशीने आपण येणारच म्हणून हट्ट धरला. तिला आता कळलं होतं की सगळं तिच्या एका शब्दाने झालं, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वाटेत कळंब लागला तिथे काकाने गाडी थांबवून डहाळी तोडली. ती मावशीने पदराखाली उभी धरली आणि वाटभर खाली ठेवली नाही. मामा गाडीमागून चालत होता.

ऊन चढलं. माळावर पळस फुलले होते आणि मला त्यांचा राग येत होता. बाबा आधी अधूनमधून बोलत होते. मग हुंकार द्यायला लागले. मग तेही थांबलं. काळूच्या उतारावर एक चाक दगडावरून घसरलं, गाडीला मोठा हिसका बसला, आणि बाबांचा हात घोंगडीतून बाहेर येऊन पेंढ्यावर पडला. तो त्यांनी आत घेतला नाही.

काकाने मागे बघितलं. "दादा?"

बाबा बोलले नाहीत.

"दादा रे."

मी घोंगडीकडे बघत होते. ती हलते आहे की गाडीमुळे हलल्यासारखी दिसते आहे, मला कळेना. काकाने बैल थांबवले. आता गाडी थांबलेली होती आणि मला कळलं असतं, पण मी डोळे मिटून घेतले. मामा मागून जवळ येत होता, त्याच्या वहाणा दगडांवर वाजत होत्या.

आई म्हणाली, "हाक."

"वयनी, बघ तरी एकदा."

"निजलेत ते. हाक म्हनते ना."

मी डोळे उघडले. आईचा तळवा बाबांच्या नाकाशी होता आणि तिचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. ती बाबांकडे बघत नव्हती. समोर नदीकडे बघत होती. आम्ही जे नाही म्हणून शाबीत करायला निघालो होतो, तेच करायला ती तयार झाली होती, माझ्यासाठी. मला ओरडायचं होतं की मला नको हे लग्न, परत फिरा, मला भट्टीवाल्याला द्या, कुणालाही द्या. पण तोंड उघडलं नाही. कारण मला ते लग्न हवं होतं. बाप मेलेला असेल तरी हवं होतं. त्या क्षणाइतकी हताश मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही, आणि तसे प्रसंग काही कमी आले नाहीत.

काकाने बैल पाण्यात घातले. पाणी गुडघाभरच होतं, पण चाकांनी उडालेले शिंतोडे आत आले. बाबांचं तोंड वाकडं झालं.

"भिजवता का मला," ते म्हणाले. "नवरदेव मी हाय का?"

काका जू धरून रडला. बैल पाण्यात उभे राहिले. मावशी मात्र रडली नाही, डहाळी आणखी घट्ट धरून बसली.

आम्ही गावात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. मांडवाला आंब्याची पानं बांधली होती. माणसं गोळा झाली आणि गाडीपासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली. बाबांना काकाने पाठीमागून धरून बसतं केलं. बाबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कोनाचं लगीन हाय वो? आमी पन आलोत."

सासरे पुढे आले. ते दुसऱ्या मुलीला बघून आले होते, नारळ अजून द्यायचा होता. ते वाकले, पाया पडल्यासारखं करून त्यांनी बाबांच्या पावलाला हात लावला आणि तो तिथेच ठेवला. मला कळलं ते काय बघतात. पाऊल ऊन आहे की गार. त्यांनी हात काढला तेव्हा सुजलेल्या पावलावर त्यांच्या बोटांचे खड्डे तसेच राहिले. ते त्या खड्ड्यांकडे बघत राहिले. मग मागे वळून म्हणाले, "पाट मांडा. देवक बसवून घ्या आदी."

तेवढ्यात कुणी न सांगता नवरा मुलगा पुढे आला आणि आमचे बैल सोडून सावलीत नेले. म्हशाला पाहिलं होतं तोच. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, ते मला बरं वाटलं.

देवक बसलं. आईच्या पदराला बाबांच्या धोतराची गाठ मारली होती आणि काकाने त्यांचा हात आपल्या हातात धरून अक्षता वाहून घेतल्या. मावशीने डहाळी पाटावर ठेवली आणि मग ती बाहेर जाऊन मन भरून रडली.

कासार गावातच होता, दुसऱ्या मुलीसाठी चुडा घेऊन थांबलेला. त्याला माझ्यासमोर बसवलं. त्याच्या हातून पहिलीच बांगडी वाढली. बाबा पलीकडे टेकून बसले होते. म्हणाले, "भर रे, भिऊ नको. माज्यापायी तुजा धंदा बुडत व्हता." कासाराने पुढची बांगडी चढवली. त्या बांगड्या हाताला जरा मोठ्या झाल्या, दुसरीच्या मापाने आणलेल्या होत्या ना. मी त्या तशाच वापरल्या.

संध्याकाळी लग्न लागलं. कन्यादान बाबांनीच केलं.

सकाळी त्यांना परत न्यायचं होतं. सासरे म्हणत होते, राहा, बरं वाटेपर्यंत राहा. बाबा ऐकेनात. लेकीच्या दारात आपलं काही झालं तर त्याचा ठपका तिच्या डोक्यावर बसेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण मला कळत होतं. काकाने गाडी जुपली. आईने मला पोटाशी धरलं, मावशीने धरलं. मी गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय ऊन होते.

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. बोटाला लागलेली हळद माझ्याच कपाळाला पुसली. मग म्हणाले, "जातो गो बाय."

आई दचकली. "अवो, येतो म्हनावं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. जन्मभर सगळ्यांना उंबऱ्यावरून परत फिरवणारा माणूस. त्यांनी शब्द बदलला नाही. पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "जातो." आणि काकाला हात केला.

गाडी वळणाआड गेली तरी मी मांडवाच्या मेढीला धरून उभी होते. मग आत गेले, कारण त्या घरात चूल पेटवणारं दुसरं कुणी नव्हतं.

होळी झाली. त्यानंतर एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा मामा दारात आला. यावेळी त्याचं पागोटं डोक्यावरच होतं आणि गळा काढायला तो विसरला होता. उंबऱ्यावर उभा राहून तो नुसता चाचरत होता. "बाय, तुजा बाबा," तो म्हणाला, "तुजा बाबा," आणि पुढचा शब्द त्याच्याने बोलवेना. मागच्या वेळी तो बोलून बसला होता ना.

मी परातीतला हात काढला.

"मामा, माहीत आहे मला," मी म्हटलं. "ते मला सांगून गेलेत."